दहा हजार रुपये कशाचे?

आमच्या दारात एक गाडी उभी असते. प्युजो 309, डिझेल, मूळची पांढरी. नोंदणी मे 1996 ची, ठाण्याच्या नंबरची. फेरनोंदणीची मुदत जवळ आली म्हणून मागच्या आठवड्यात कचेरीत गेलो होतो. खिडकीतल्या साहेबांनी कागद उलटेपालटे केले, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही पत्रकार ना? शिकलेली माणसं. हे धूड कशाला सांभाळताय? दहा हजार भरण्यापेक्षा भंगारात द्या. सर्टिफिकेट मिळतंय, नव्या गाडीला टॅक्समध्ये सूट मिळतीय."

साहेब माणूस वाईट नाही. उलट चांगल्या मनानंच सांगत होते. पण सरकारचं अख्खं धोरण ते तीन वाक्यांत सांगून गेले, आणि त्या तीन वाक्यांशी माझं भांडण आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे सरकावं, राग नाही.

आधी आकडे. मे 2021 मध्ये हीच गाडी, हेच काम, सरकारी फी 600 रुपये. एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीला 5,000 रुपये. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं अधिसूचना काढली आणि वीस वर्षांवरच्या मोटारीला 10,000 केले. पाच वर्षांत जवळजवळ सतरा पट. राज्याचा पर्यावरण कर वेगळा, तालुक्याहून हेलपाटे वेगळे, आणि 'ते मधले' वेगळे, ज्यांचं नाव कुठल्या पावतीवर येत नाही. पाच वर्षांत सतरा पट वाढलेली दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही. उसाचा दर तर नक्कीच नाही.

बरं, ही फी तपासणीची म्हणावी तर तपासणी तीच. निरीक्षक चेसिसवरचा नंबर कागदावर घासून घेतो, दिवे लावून बघतो, हॉर्न वाजवून बघतो, एखादी चक्कर मारतो. 600 रुपयांत जे बघितलं तेच 10,000 रुपयांत बघणार. मग वरचे 9,400 कशाचे? याचं उत्तर कुणी देत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे. ते पैसे तपासणीचे नाहीत, कंटाळा आणण्याचे आहेत. माणसानं वैतागून म्हणावं, जाऊ दे, देऊन टाकू.

आता ज्यांनी ही गाडी कधी बघितलीच नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो.

309 ही फ्रान्समधल्या साध्या कुटुंबाची गाडी. नवरा-बायको, दोन पोरं, डिकीत सुट्टीचं सामान, एवढाच तिचा संसार. 1985 मध्ये आली. मजा म्हणजे ती प्युजो म्हणून जन्मणारच नव्हती. प्युजोनं 1978 मध्ये क्रायसलरचा युरोपातला धंदा विकत घेतला आणि त्या गाड्यांना टॅलबॉट असं नाव दिलं. त्या टॅलबॉटसाठी इंग्लंडात आखलेली 'ॲरिझोना' नावाची गाडी ऐन वेळी प्युजोचा सिंह छातीवर लावून बाजारात उतरली. दारं धाकट्या 205 चीच वापरलेली. आपल्याकडे थोरल्याचे कपडे धाकट्याला येतात, इथं उलटं झालं. 1993 च्या सुमारास तिकडे तिची जागा 306 नं घेतली. तिकडे निवृत्त झाली आणि इकडे नोकरीला लागली. पद्मिनीवाल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं प्युजोशी भागीदारी केली, पाल-प्युजो नावानं, आणि कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात 309 बनू लागली. पेपरवाले 'प्युजो' लिहायचे, मिस्त्री लोक 'पिजोट' म्हणायचे. अजूनही म्हणतात.

ते प्रकरण फार चाललं नाही. त्याच प्रीमियरनं फियाटशीही घरोबा केला, भागीदारांत बिनसलं, कामगारांचा संप झाला, 1997 च्या आसपास सगळं गुंडाळलं गेलं. कारखान्याच्या त्या परिसरात आज उंच उंच टॉवर आहेत. जुने लोक मात्र अजून प्रीमियर कॉलनीच म्हणतात.

माझे मामा त्या कारखान्यात पेंट शॉपला होते. कारखाना बंद पडल्यावर थोडे दिवस इकडे-तिकडे करून गडहिंग्लजकडे गावी परत आले. 2004 मध्ये ठाण्याच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ही गाडी घेतली, पंचेचाळीस हजारांत. तेव्हा मामी आठवडाभर बोलल्या नव्हत्या म्हणे. बंद पडलेल्या कारखान्याची गाडी कोण घेतं? मामा म्हणायचे, "आगं, ही मीच रंगवलेली आसणार." खरं असेल, नसेल. महिन्याला शेकड्यांनी गाड्या त्या लायनीवरून जात. पण बॉनेटच्या आतल्या कडेला रंगाचा एक ओघळ आहे, तो दाखवून ते सांगतात की असा ओघळ त्यांच्या पाळीतला अमुक एक जण सोडायचा. आज मामा त्र्याहत्तरचे आहेत. डोळ्यांमुळे गाडी सोडली. 2018 पासून ती गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली होती. लॉकडाऊनमध्ये, जेव्हा आमच्या पेपरची पानं कमी झाली आणि माझा पगारही, तेव्हा मी ती घरी आणली. रिकामपणाचे उद्योग.

2021 ची तपासणी कशीबशी निघाली. खरं दुखणं त्यानंतर कळलं. मागची चाकं वरून आत झुकायला लागली होती, फेंगडा माणूस उभा राहावा तशी. गावातल्या दोन मिस्त्र्यांनी सांगितलं, शॉकॲब्सॉर्बर गेले. बदलले. काडीचा फरक नाही. तिसऱ्यानं सांगितलं, स्प्रिंग बसल्या. आता या गाडीला मागे स्प्रिंगच नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. मामांना होतं.

मागे एक आडवी नळी असते. त्याबरोबरचे दोन पोलादी दांडे पिळाच्या जोरावर गाडी उचलून धरतात. दोन्ही चाकांचे बाहू त्या नळीच्या टोकाला शाफ्टवर हलतात आणि तिथं नीडल बेअरिंग असतात. सील फाटलं की पाणी आत शिरतं, ग्रीस बाहेर पडतं, सुया गंजतात आणि शाफ्टलाच खायला लागतात. शाफ्ट झिजला की चाक झुकतं. या घराण्यातल्या गाड्यांचा हा जुना आजार आहे. फ्रान्समध्येही 205 आणि 309 वाले हेच रडगाणं गातात.

उघडायच्या दिवशी मामा खुर्ची टाकून बसले. पहिलाच हुकूम सुटला, "आधी पंच मारून खुणा कर भाच्या. दांडा कुठल्या दात्यावर बसलाय ते लिहून ठेव. न्हाईतर जोडल्यावर गाडी एका अंगाला झुकंल, मग बस बोंबलत." मी विचारलं, मामा, तुम्ही तर रंगकामाला, हे तुम्हाला कसं माहीत? म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत काय झोपा काढत हुतो व्हय? लायनीवर फिरायचो."

उजवा शाफ्ट निघाला. डावा आठवडाभर निघाला नाही. डिझेल ओतून ठेवलं, गरम केला, शेवटी पुलर बनवून घेतला. शाफ्टवर नखानं लागतील एवढ्या खाचा. परदेशातून तयार सेट मागवायचा तर भाड्यासकट आकडा ऐकूनच मी फोन ठेवला. मग कोल्हापूर, उद्यमनगर. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो, उद्यमनगरात फाउंड्री, लेथ, ग्राइंडिंग अशी सगळी कामं चालत जाण्याच्या अंतरात होतात, आणि नकार द्यायची पद्धत नाही. ज्या काकांकडे गेलो त्यांनी उभ्या जन्मात 309 बघितली नव्हती. त्यांनी जुना शाफ्ट हातात फिरवला, मायक्रोमीटर लावला, जिथं झीज नव्हती तिथलं मूळ माप काढलं आणि विचारलं, "किती पाहिजेत?" बस्स. ईएन-24 पोलाद, टर्निंग, हार्डनिंग, मग ग्राइंडिंग. बेअरिंगवरचा नंबर गंजून गेला होता. दुकानदारानं माप घेतलं, फळीवरून पुडी काढली, बसलं. शाफ्ट, बेअरिंग, सील आणि मजुरी धरून 11,400 रुपये. बिलं जपून ठेवली आहेत, कुणाला हवी असतील तर दाखवतो.

म्हणजे बघा. तीस वर्षं जुन्या गाडीचा अख्खा मागचा भाग नव्यासारखा करून घ्यायला 11,400 लागले. ती गाडी अस्तित्वात आहे हे सरकारला कळवायला 10,000.

इंजिनाची गोष्ट याहून सोपी. कारखाना गेला पण इंजिन गेलं नाही. प्युजोचं 1527 सीसीचं हेच डिझेल इंजिन पुढे मारुतीनं झेन आणि एस्टीमच्या डिझेल गाड्यांत घातलं. त्यामुळे टायमिंग बेल्ट, पॅकिंग, ग्लो प्लग, वॉटर पंप यासाठी मला फ्रान्सला जावं लागलं नाही, सांगलीच्या जुन्या बाजारात जावं लागलं. रिमचंही तसंच. फोर्ड आयकॉनच्या रिमचे बोल्ट याच मापात बसतात, फक्त मधलं भोक एका-दोन मिलीमीटरनं लहान पडतं, ते लेथवर वाढवून घ्यावं लागतं. काच वर-खाली करायची पट्टी एका रिक्षावाल्याच्या युक्तीनं चालते, ती कशी ते लिहिणार नाही. छताचं कापड लोंबत होतं, ते गादीवाल्यानं लावून दिलं. अडलंय ते एका मागच्या लाल दिव्याशी. त्यावर शेवटी येतो.

हे सगळं सांगितलं ते हौस मिरवायला नाही. भंगार धोरण लिहिणाऱ्यांना जे दिसत नाही ते दाखवायला. त्यांच्या हिशेबात जुनी गाडी म्हणजे इतके किलो लोखंड, इतके किलो ॲल्युमिनियम. लेथवाल्या काकांचा हात कुठल्या रकान्यात धरायचा? मामांना लायनीवर फिरून जे कळलं ते कुठल्या रकान्यात? गादीवाला, बॅटरीवाला, रेडिएटर झाळणारा, वायरिंगवाला, जुन्या बाजारातला तो माणूस ज्याला ढिगाऱ्यात हात घालून बरोबर एस्टीमचा वॉटर पंप सापडतो? आमच्या गावात या कामांवर जितकी घरं चालतात तितकी शोरूमवर चालत नाहीत. आणि शोरूमचं तरी काय? नवी गाडी बिघडली की कॉम्प्युटर लावतात, सुटा भाग दुरुस्त होत नाही, 'असेंब्लीच बदलावी लागेल' म्हणतात. तिथं नोकरीला लागलेल्या आयटीआयच्या पोरांना विचारा. पोरं हुशार असतात. त्यांना उघडायला मिळतच नाही.

आता कायद्याची गंमत.

आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. 13 ऑगस्ट 2021 ला पंतप्रधानांनी वाहन भंगार धोरण जाहीर केलं. कागदावर ते धोरण चांगलं आहे, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. खासगी गाडीला त्यात वयाची फाशी नाही. गाडी तपासणीत नापास झाली तर भंगार, पास झाली तर चालू द्या, असं तत्त्व आहे. मग तत्त्व तपासणीचं असेल तर फी वयावर कशी? पंधराला एक दर, विसाला दुप्पट. मुलाची परीक्षा घ्यायची आणि फी मात्र त्याच्या बापाचं वय बघून घ्यायची, यातला प्रकार.

त्याच वर्षी, जुलै 2021 मध्ये, आणखी एक नियम आला. व्हिंटेज गाड्यांचा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीला वेगळी नोंदणी, वेगळी अक्षरं, 20,000 रुपये फी, दहा वर्षांची मुदत. रोज चालवायची नाही, प्रदर्शनाला, रॅलीला वगैरे न्यायची. चांगला नियम आहे, राजेरजवाड्यांच्या आणि उद्योगपतींच्या गॅरेजमधल्या गाड्यांची सोय झाली. माझी तक्रार एवढीच, की पंधरा आणि पन्नास यांच्या मधल्या पस्तीस वर्षांत गाडीनं काय करायचं? मामांची 309 व्हिंटेज होणार 2046 मध्ये. तोवर ती सरकारच्या नजरेत पर्यावरणाची गुन्हेगार. पस्तीस वर्षं गुन्हेगार म्हणून काढली की एकदम वारसा! ज्याच्याकडे गाडी नुसती झाकून ठेवायला जागा आहे, माणसं आहेत, पैसा आहे, तोच हा पल्ला पार करणार. शिक्षकाची, डॉक्टरची, एसटी कंडक्टरची गाडी कधीच व्हिंटेज होणार नाही. पन्नास वर्षांनी रॅलीत रोल्स-रॉइस दिसेल, मारुती 800 दिसणार नाही.

आणि फ्रान्समध्ये? जिथली ही गाडी आहे तिथं? तिथं गाडी तीस वर्षांची झाली, तिचं उत्पादन थांबलेलं असलं आणि ती मूळ रूपात राखलेली असली, की मालक 'संग्रहातली गाडी' म्हणून वेगळी नोंदणी मागू शकतो. तशी नोंदणी झाली की तांत्रिक तपासणी एरवीपेक्षा कमी वेळा, पाच वर्षांतून एकदा. मामांच्या गाडीची जुळी बहीण 1986 मध्ये फ्रान्सच्या कुठल्याशा गावात विकली गेली असेल, तर तिला हा मान 2016 मध्येच मिळाला असता. प्युजोशी जोडलेली संस्था सोशोमध्ये संग्रहालय चालवते, जुन्या मॉडेलांचे सुटे भाग पुन्हा बनवून विकते. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे 2017 पासून तिथल्या गॅरेजवाल्यावर कायद्यानं बंधन आहे, की गिऱ्हाइकापुढे वापरलेल्या सुट्या भागाचा पर्याय ठेवायचा. म्हणजे जुन्या बाजाराला तिथं कायद्यात जागा आहे. आपल्याकडे जुना बाजार म्हटलं की आधी पोलीस आठवतात.

फ्रान्सचं सगळं गोड आहे असं नाही. मोठ्या शहरांत जुन्या डिझेल गाड्यांवर तिकडेही निर्बंध आले, त्यावरून भांडणं झाली. तिकडच्या गरिबालाही 'नवी घे' असंच ऐकावं लागलं. पण तीस वर्षांच्या गाडीकडे बघून तिथला कायदा निदान दोन प्रश्न विचारतो, कशी राखलीय आणि चालते कशी. आपला कायदा फक्त जन्मतारीख विचारतो.

आता काही मित्र म्हणतील, आणि म्हणावंच, की धुराचं काय? दिल्लीचं काय झालं बघितलं ना? बघितलं. तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयांनी बंदी आणली, पुढे ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच नुसत्या वयावरून सध्या कारवाई नको असं सांगितलं. मी धुराची वकिली करायला बसलेलो नाही. 1996 चं डिझेल इंजिन आजच्या बीएस-6 इंजिनाशी बरोबरी करूच शकत नाही. ही गाडी रोज दिल्लीत किंवा पुण्यात ऑफिसला न्यावी असं मी म्हणणार नाही, नेऊही नये. माझी गाडी वर्षाला दीड हजार किलोमीटर चालते. धुराच्या चाचणीत अशा जुन्या डिझेलला 65 एचएसयूची मर्यादा आहे, पंप आणि नोझल करून घेतल्यावर माझं रीडिंग 41 आलं. 41 म्हणजे शुद्ध हवा नव्हे, हेही मला कळतं. त्या यंत्राला फक्त काळा धूर कळतो, बाकीचे वायू कळत नाहीत.

पण मग ती चाचणी तरी धड घ्या की! मी पत्रकार म्हणून आमच्या भागातली किती तरी पीयूसी केंद्रं बघितली आहेत. नळी सायलेन्सरला न लावता प्रमाणपत्र निघतं. एका ठिकाणी तर गाडी आणायचीही गरज नव्हती, नंबर प्लेटचा फोटो पुरला. तीन वर्षांची पिकअप काळा धूर ओकत बाजार समितीत शिरते, तिच्याकडे सगळे कागद ओके असतात. तिचं वय कमी ना! वय मोजणं सोपं आहे. कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की यादी निघते. धूर मोजायला यंत्र लागतं, यंत्र चालवणारा लागतो, आणि तो पैसे न खाणारा लागतो. म्हणून वय मोजतात.

आणि नवी गाडी आकाशातून पडते का? तिचं पोलाद, काच, प्लॅस्टिक, बॅटरी बनवताना जे काही जळतं ते जळतंच. वर्षाला दीड हजार किलोमीटर चालणारी गाडी मोडून तिच्या जागी दीड टन नवा माल उभा केला, तर त्यात पर्यावरणाचा फायदा नक्की कुठल्या वर्षी सुरू होतो? हा हिशेब मांडून कुणी दाखवला तर मी गप्प बसेन. आजपर्यंत सूट किती टक्के, एवढंच सांगणारे भेटले. रस्ता करात 25 टक्क्यांपर्यंत सूट. म्हणजे आठ-नऊ लाखांचं कर्ज काढलं की सरकार खूश होऊन थोडे पैसे सोडणार. माझ्यासारख्या माणसाला, ज्याचं मानधन कधी येतं आणि कधी 'पुढच्या महिन्यात बघू' असतं, त्यानं सात वर्षांचा हप्ता डोक्यावर घ्यायचा आणि त्याला पर्यावरण म्हणायचं.

थोडं आमच्या जमातीबद्दलही बोलतो. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयाची वीस वर्षं पूर्ण करून रस्त्यावरून गेली. तेव्हा काय लेख आले, काय फोटो आले! डोळ्यांत पाणी आणणारे मथळे. एक माझाही होता, नाकारत नाही. पण ते नियम होत होते तेव्हा त्यावर आम्ही दोन कॉलम लिहिले नाहीत. मेल्यावर अग्रलेख लिहायला आम्ही पटाईत. 309 च्या वाट्याला तर तेही येणार नाही. ती ना सिनेमात दिसली, ना टॅक्सी झाली. कल्याणात थोडी वर्षं बनली, थोड्या मध्यमवर्गीय लोकांनी घेतली, कंपनी गेल्यावर त्यांनी कशीबशी चालवली. महाराष्ट्रातल्या कामगारांनी बनवलेल्या गाडीचा एकही नमुना राज्याच्या कुठल्या सरकारी संग्रहालयात ठेवावा असं कुणाच्या मनात आलेलं मी ऐकलं नाही.

मागणी म्हणाल तर फार मोठी नाही. पन्नासच्या जागी तीस करा. तीस वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या खासगी गाडीला वेगळा वर्ग द्या, वर्षाची किलोमीटरची मर्यादा घाला, मोठ्या शहरात बंदी घालायची तर घाला. फी तपासणीच्या खर्चाइतकी घ्या आणि तपासणी खरी घ्या, ब्रेकची, स्टेअरिंगची, धुराची, यंत्रावर, माझ्यासमोर. नापास झाली तर मी स्वतः नेऊन भंगारात घालीन, मामांना काय सांगायचं ते माझं मी बघेन. आणि भंगार केंद्रात गाडी चेपायच्या आधी तिचे चांगले भाग काढून, नोंदवून, खुलेपणानं विकायची सक्ती करा. एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमांत जुनी गाडी मोडण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ठीक आहे. मोडायची जबाबदारी टाकता येते, तर दुरुस्तीला लागणारे भाग मिळण्याची का टाकता येत नाही? डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं म्हणून एक सरकारी पोर्टल सुरू झालं, त्यात वाहनंही आहेत. हक्क पोर्टलवर आहे, सुटा भाग कुठं आहे?

यातलं काही होईल याची मला फारशी आशा नाही. जुनी गाडी चालवणारा माणूस मोर्चा काढत नाही, त्याची संघटना नाही, त्याच्या बाजूनं जाहिरात देणारं कुणी नाही. (मोटार कंपन्यांच्या जाहिराती कुठल्या पानावर येतात ते आमच्या धंद्यातल्या लोकांना मी सांगायला नको.) तरी आपापल्या आमदाराला, खासदाराला एक पत्र लिहा. मी लिहिलंय. त्यांच्या पीएचा फोन आला होता, गाडी विकायचीय का म्हणून विचारत होता.

दहा हजार मी भरलेत. शिव्या देत भरलेत पण भरलेत, पावती सोबत जोडली आहे. बुधवारी तपासणी आहे. मामा येणार म्हणतायत, शर्ट इस्त्रीला टाकलाय. "साहेबाला तो ओघळ दाखवू," म्हणतात. दाखवू नका म्हणून मी सांगून थकलो.

आता तो लाल दिवा. 309 चा मागचा, उजव्या बाजूचा. आमचा तडकलाय, एम-सील लावून चिकटवलाय, बुधवारी त्याच्यावरूनच अडवतील अशी धास्ती आहे. कल्याण, डोंबिवली, ठाणे, नाशिक, कुठल्याही गोठ्यात, गोडाऊनमध्ये, गॅरेजच्या माळ्यावर एखादी मोडकी पिजोट पडलेली असेल आणि तिचा हा दिवा शाबूत असेल, तर मला इनबॉक्समध्ये फोटो टाका. काच फक्त असली तरी चालेल. एसटी पार्सलनं पाठवा, पैसे लगेच देतो.